गाडी आणायला चला म्युनिकला!

नवी गाडी घरी आणायची म्हणजे आपल्याकडे सोहळाच. दसरा किंवा पाडवा गाठायचा, अख्खं घर शोरूममध्ये न्यायचं, झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, पेढे... आणि पहिली फेरी थेट गणपतीच्या देवळापर्यंत. पण समजा, ही पहिली फेरी आल्प्सच्या घाटात मारता आली तर? आणि तीही शोरूमपेक्षा कमी किमतीत?

थट्टा नाही! अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, व्होल्वो अशा कंपन्या बरीच वर्षं ही योजना चालवत होत्या. नाव ‘युरोपियन डिलिव्हरी’. न्यू जर्सी किंवा बे एरियात स्थिरावलेल्या आपल्या सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनाही ती खुली होती. गाडी तिच्या जन्मगावी जाऊन घ्यायची, हवी तेवढी फिरवायची आणि मग जहाजाने घरी मागवायची.

सौदा काय होता?

बुकिंग अमेरिकेतल्याच डीलरकडे. बीएमडब्ल्यूच्या छापील किमतीत साधारण ५ ते ७ टक्के सूट. गाडीवर जर्मनीची तात्पुरती नंबरप्लेट, दोन आठवड्यांचा विमा कंपनीकडून. फिरून झालं की ठरलेल्या ठिकाणी गाडी परत द्यायची. तिथून जहाज, कस्टम्स सगळं कंपनी बघणार. व्होल्वोने तर कमालच केली होती. गाडीसोबत दोघांची विमानाची तिकिटं आणि स्वीडनमधल्या गोथेनबर्गला एका रात्रीचं हॉटेल!

एक मेख मात्र होती. गाडी युरोपात बनलेली हवी. बीएमडब्ल्यूची एक्स-५ अमेरिकेतच, साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला बनते. ती हवी असेल, तर म्युनिकची सहल विसरा.

काचेच्या ढगाखाली

म्युनिकच्या मारियनप्लाट्झहून यू-३ ही भुयारी रेल्वे पकडायची आणि ओलिंपियाझेंट्रुम स्टेशनला उतरायचं. एका बाजूला १९७२ च्या ऑलिंपिकचं तंबूसारखं छत, दुसरीकडे चार सिलिंडर एकत्र उभे केल्यासारखा कंपनीचा टॉवर, शेजारी कारखाना. आणि समोर २००७ मध्ये उघडलेलं ‘बीएमडब्ल्यू वेल्ट’. पोलाद आणि काचेचं हे छत वावटळीसारखं गरगरत वर जातं.

डिलिव्हरी याच इमारतीत. आधी लाउंजमध्ये खाणंपिणं, कागदपत्रं, गाडीची माहिती. मग जिन्याने खाली यायचं, तर समोर फिरत्या चकतीवर दिव्यांच्या झोतात उभी असलेली तुमची गाडी! किल्ली हातात आली की इमारतीच्या आतूनच उतारावरून गाडी चालवत थेट रस्त्यावर. नारळ कुठे फोडायचा, हे तुमचं तुम्ही बघायचं.

ऑटोबान आणि संयम

बाहेर पडलं की ऑटोबान. जर्मनीतल्या या महामार्गांच्या मोठ्या भागावर वेगमर्यादाच नाही; १३० ही फक्त शिफारस. मग काय, सोडा सुसाट? छे! गाडी नवीकोरी. पेट्रोल इंजिनाला पहिले २००० किलोमीटर १६० च्या आत ठेवा, असं कंपनीचंच पुस्तक सांगतं. स्वप्नातली गाडी, स्वप्नातला रस्ता आणि उजव्या पायाला लगाम.

म्हणून खरी मजा घाटातच. ए-९५ ने तासाभरात गार्मिश. त्याच दिशेला श्वानगाऊला राजा लुडविगचा नॉयश्वानस्टाइन किल्ला. ऑस्ट्रियात शिरलं की ग्रोसग्लोकनर रस्ता. १९३५ मध्ये खुला झालेला, ४८ किलोमीटरचा, ३६ वळणांचा आणि २५०० मीटरवर चढणारा. आणखी हौस असेल तर इटलीतला स्टेल्व्हिओ. उंची २७५७ मीटर, एकाच बाजूला ४८ वळणं. आपला खंबाटकी यापुढे गल्लीतला स्पीडब्रेकर!

हिशेब जुळायचा का?

५० हजार डॉलरच्या गाडीवर ५ टक्के म्हणजे अडीच हजार डॉलर. दोघांचं विमान आणि काही रात्रींचं हॉटेल त्यात निघायचं. फुकट नाही, पण सुट्टी स्वस्तात.

आपल्या मंडळींचा हिशेब मात्र डॉलरवर संपत नसे. भारतीय पासपोर्ट म्हणजे शेंगेन व्हिसा आलाच. त्यात एच-वन-बी चं स्टँपिंग संपलेलं असेल, तर अमेरिकेबाहेर पाऊल टाकल्यावर नवा शिक्का मिळेपर्यंत परतीचं दार बंद. गाडी जहाजातून घरी पोचणार आणि मालक वकिलातीच्या रांगेत! दोन आठवड्यांच्या मजेसाठी नोकरी पणाला लावायची का, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा.

शिवाय विरह. दोन आठवडे जिवापाड जपलेली गाडी बंदरावर धाडायची आणि पुढचे दीड-दोन महिने बसने ऑफिस गाठायचं. ज्यांच्या बाबांनी बजाज चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली, त्यांना हे फार जड जाऊ नये म्हणा. फरक इतकाच की बाबांना वाट बघताना स्कूटरची चव माहीत नव्हती.

आता काय?

२०२० मध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकन ग्राहकांसाठीची ही योजना बंद केली. मर्सिडीजनेही त्याच सुमारास हात आखडता घेतला. आपल्याकडे तर ती कधी नव्हतीच. इथली मर्सिडीज पुण्याजवळच्या चाकणला जोडली जाते, बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ.

पण रस्ते कुठे गेलेत? वेल्ट आजही बघता येतं, प्रवेश फुकट. गाडी भाड्याने घ्या आणि तोच मार्ग पकडा. फायदा म्हणजे भाड्याच्या गाडीला इंजिन जपायची भानगड नाही. तोटा एकच, परत करताना डोळ्यांत पाणी येत नाही.

निघण्याआधी

• लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट ठेवा.
• ओव्हरटेक डावीकडूनच. एरवी उजवी लेन धरा.
• ऑटोबानवर पेट्रोल संपून गाडी थांबली, तर दंड. टाकी बघत चला.
• ऑस्ट्रियाच्या महामार्गांना ‘विन्येट’ हा टोलचा पास लागतो. ग्रोसग्लोकनरचा टोल वेगळा.
• उंच घाट हिवाळ्यात बंद. जून ते सप्टेंबर गाठा.