वासाला भोक कुठे होतं?

“आजोबा, याला भोक कुठे पडलंय?”

प्रश्न विचारणारा माझ्या भाचीचा सातवीतला मुलगा. आम्ही तिघं एका अंधाऱ्या, गार दालनात उभे होतो. समोर एक लाकडी जहाज होतं. चित्र नव्हे, मॉडेल नव्हे, खरंखुरं अख्खं जहाज! हे जहाज १६२८ साली बुडालं आणि ३३३व्या वर्षी पाण्याबाहेर आलं. त्याचं नाव ‘वासा’.

मुलांनो, स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हे शहर चौदा बेटांवर वसलेलं आहे. तिथे बसइतकीच बोटीचीही सवय लागते. माझी भाची नोकरीसाठी तिथे असते. तिच्याकडे गेलो, तेव्हा पहिल्याच रविवारी ती म्हणाली, “मामा, आज वासा बघायचं.” स्लुसेन नावाच्या धक्क्यावरून आम्ही फेरीबोट पकडली. पाणी शांत होतं. वाटेत बेकहोल्मेन नावाचं छोटं बेट दिसलं. भाची म्हणाली, “वासा इथेच बुडालं.” मी चकित झालो. दोन्हीकडचे काठ इतके जवळ दिसत होते! भर समुद्रात, वादळात जहाज बुडालं तर समजू शकतो. पण घराच्या अंगणात?

यूरगोर्डन बेटावर उतरून दहा मिनिटं चाललं की वासा संग्रहालय येतं. ते १९९० साली उघडलं. आत जहाजाभोवती निरनिराळ्या उंचीचे मजले आहेत. खालून तळ बघा, वरून डेक बघा. पुढच्या लांब दांड्यासकट जहाजाची लांबी ६९ मीटर. लाकडाला इजा होऊ नये म्हणून दिवे मंद ठेवलेले असतात. मागच्या बाजूला शेकडो कोरीव मूर्ती आहेत. पण आमच्या पठ्ठ्याला मूर्तींशी देणंघेणं नव्हतं. तो तळाच्या एका अंगाने गेला, दुसऱ्या अंगाने परत आला. खडकावर आपटल्याची खूण नाही, मोठं खिंडार नाही. मग बुडालं कसं?

मी म्हटलं, “भोक तुझ्यासमोरच आहे. एक नाही, रांगच्या रांग आहे. नीट बघ.”

त्याने वर पाहिलं. जहाजाच्या अंगावर चौकोनी खिडक्यांच्या दोन रांगा होत्या. खिडकीवर बिजागरीने टांगलेली झडप, आणि झडपेच्या आतल्या बाजूला कोरलेला सिंहाचा मुखवटा. झडप उघडली की सिंह शत्रूकडे बघून डरकाळी फोडणार!

“या तर तोफांच्या खिडक्या!”

“बरोबर. पण पाण्याला काय कळतं, खिडकी तोफेसाठी आहे की आपल्यासाठी?”

आता ती गोष्ट ऐका. स्वीडनचा राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ याला मोठं, दरारा बसवणारं लढाऊ जहाज हवं होतं. म्हणून वासावर एकावर एक असे तोफांचे दोन मजले बांधले आणि ६४ तोफा चढवल्या. वरचं वजन फार झालं. तळाला दगड भरले होते, पण ते पुरेसे नव्हते. निघण्याआधी एक चाचणीही झाली. तीस माणसं डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळवली. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डुलायला लागलं, की नौदलाचे अधिकारी क्लास फ्लेमिंग यांनी चाचणी थांबवली. पण राजाला घाई होती. ‘जहाज पाठवू नका’ असं म्हणायचं धाडस कोणी केलं नाही.

१० ऑगस्ट १६२८, रविवार. काठावर शहर लोटलं होतं. खलाशांच्या बायकामुलांनाही थोड्या अंतरापर्यंत बोटीवर यायला परवानगी होती. सलामी देण्यासाठी खिडक्या उघडल्या होत्या. चार शिडं उभारली. वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कललं आणि सावरलं. दुसरा झोत आला, आणि या वेळी ते इतकं कललं की खालच्या रांगेतल्या उघड्या खिडक्या पाण्याला टेकल्या.

पुढे काय झालं असेल, याचा हिशेब करून बघू. समजा, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद भोक पाण्याच्या पातळीखाली एक मीटरवर आहे. त्यातून दर सेकंदाला अडीच हजार लिटरहून जास्त पाणी आत येतं! उन्हाळ्यात गावाला पाणी पुरवणारा १०,००० लिटरचा टँकर आठवा. तो चार सेकंदांत भरेल. बादल्यांनी किती उपसणार? शिवाय पाणी आत आलं की जहाज आणखी कलतं, आणखी खिडक्या पाण्याखाली जातात, आणखी पाणी येतं.

जेमतेम १३०० मीटरचा प्रवास करून वासा ३२ मीटर खोल पाण्यात गेलं. सुमारे तीस माणसं मेली. नंतर चौकशी झाली, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. जहाज डळमळीत बांधलं गेलं, हा मूळ दोष खराच. पण पाणी आत आलं ते फळी फुटून नव्हे, तर माणसांनीच केलेल्या आणि उघड्या ठेवलेल्या भोकांतून.

नातू म्हणाला, “मग भोकं ठेवायचीच कशाला? सगळं बंद जहाज बनवायचं.”

“मग आत जाणार कसा? माल कुठून भरणार? हवा कुठून येणार?”

तो गप्प झाला. मुलांनो, जहाज बांधणाऱ्यापुढचा हाच तर पेच आहे. जहाजाला भोकं ठेवावीच लागतात. माणसं जायला, माल उतरवायला, मोटारी आत न्यायला. म्हणून जहाज बांधण्याचं अर्धं कौशल्य झाकणात असतं. डेकवरच्या अशा तोंडाला ‘हॅच’ म्हणतात.

संग्रहालयाबाहेर बाकावर बसून आम्ही डबा उघडला. भाचीने पुऱ्या आणि बटाट्याची रस्साभाजी आणली होती. बॅगेत डबा आडवा झाला होता, पण एक थेंबही सांडला नव्हता. मी म्हटलं, “हा घे हॅचचा नमुना!” झाकणाच्या कडेला रबराची रिंग, चारी बाजूंना चार क्लिपा. रिंग दाबली जाते आणि फट बुजवते. क्लिपा चारी बाजूंनी सारखा दाब देतात. एकच क्लिप लावून बघा, समोरच्या बाजूने रस्सा गळेल. जहाजाच्या झाकणालाही अशीच रबराची पट्टी असते आणि कडेने आवळायच्या कड्या असतात.

दुसरी युक्ती उंबरठ्याची. हॅच डेकच्या सपाटीला नसतो. त्याच्या चारी बाजूंनी लोखंडी काठ उभा केलेला असतो, म्हणजे डेकवरून वाहणारी लाट सहज आत शिरत नाही. १९६६ सालच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, जिथे लाटा जास्त येतात अशा उघड्या डेकवर हा काठ किमान ६०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन फूट उंच हवा.

तिसरी युक्ती कुकरची. काही कुकरचं झाकण आतून बसतं. आत वाफ जितकी कोंडेल, तितकं झाकण कडेला घट्ट दाबलं जातं. जहाजाचा हॅच याच्या उलट, बाहेरून बसतो. वरून पाणी जितकं दाबेल, तितका तो जास्त घट्ट बसतो. जो शत्रू, त्यालाच कामाला लावायचं!

आणि चौथी युक्ती कोपऱ्यांची. एका कागदाच्या मधोमध चौकोनी भोक कापा आणि कागद दोन्हीकडून ओढा. फाटायला कुठून लागतो? बहुतेक वेळा कोपऱ्यापासून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘लिबर्टी’ नावाची मालवाहू जहाजं भराभर बांधली. त्यांच्या हॅचचे कोपरे काटकोनी होते. थंड समुद्रात काही जहाजांना त्याच कोपऱ्यांपासून तडे गेले. नंतर कोपरे गोलसर केले. आजही मोठ्या जहाजाच्या हॅचचे कोपरे गोल का दिसतात, हे आता तुम्हाला कळलं.

“एवढं सगळं कळलंय, तर आता जहाजं बुडत नसतील,” नातू म्हणाला.

भाची काही बोलली नाही. तिने आम्हाला जवळच असलेल्या एका जागी नेलं. ग्रॅनाइटच्या तीन भिंती, त्रिकोणात उभ्या केलेल्या. मध्ये एक झाड. भिंतींवर नावं कोरलेली. खूप नावं. हे ‘एस्टोनिया’ जहाजाचं स्मारक.

२८ सप्टेंबर १९९४च्या रात्री ही फेरीबोट टॅलिनहून स्टॉकहोमला, म्हणजे याच शहराकडे येत होती. तिच्या पोटात मोटारी आणि ट्रक होते. त्यांच्यासाठी बोटीचं नाकाडच वर उचललं जाईल, असा दरवाजा होता. वादळी लाटांनी त्याची कुलपं मोडली. दरवाजा समुद्रात पडला आणि पडताना आतला रॅम्पही ओढून गेला. बोट हाकणारे जिथे उभे असतात, तिथून हा दरवाजा दिसतच नव्हता. पाणी मोटारींच्या सपाट मजल्यावर पसरलं. परातीत थोडं पाणी घेऊन चालून बघा. परात जराशी कलली की सगळं पाणी त्या बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. बोटीचं तसंच झालं. ८५२ माणसं गेली.

त्याआधी ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधल्या झीब्रूग बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एन्टरप्राइज’ ही बोट निघाली. तिचा पुढचा दरवाजा मोडला नव्हता. तो बंदच केला नव्हता! ज्याचं काम होतं, तो झोपला होता. कप्तानाला वाटलं, दरवाजा लावला असेल. तसं दाखवणारा दिवासुद्धा त्याच्यासमोर नव्हता. १९३ माणसं गेली. पुढे अशा बोटींवर दरवाजाची खबर देणारे दिवे आणि कॅमेरे बसवायचा नियम झाला. कारण झाकण नुसतं मजबूत असून भागत नाही. ते लागलंय की नाही, हे कळलंही पाहिजे.

नातवाने भिंतीवरच्या एका नावावरून हळूच बोट फिरवलं. मग विचारलं, “मग वासा वर कसं आलं?”

हाच या गोष्टीचा सगळ्यात सुंदर भाग. अँडर्स फ्रान्झेन यांनी १९५६ साली वासा शोधून काढलं. पाणबुड्यांनी चिखलात जहाजाखालून सहा बोगदे खणले, त्यांतून पोलादी दोर घातले आणि १९५९ साली जहाज उचलून उथळ पाण्यात आणलं. पण अजून ते पाण्याखालीच होतं. मग दीड वर्षाहून जास्त काळ पाणबुडे एकच काम करत होते: भोकं बंद करायचं! लोखंडी खिळे गंजून गेले होते, त्यांची हजारो भोकं त्यांनी बुजवली. आणि तोफांच्या प्रत्येक खिडकीला झाकण बसवलं. २४ एप्रिल १९६१ रोजी वासा पाण्यावर डोकावलं. पंपांनी आतलं पाणी उपसलं. ४ मे रोजी ते गोदीत शिरलं, ते चक्क स्वतः तरंगत! जे १६२८ साली करायचं राहिलं, ते शेवटी पाणबुड्यांनी केलं.

परतीच्या फेरीबोटीत नातू कडेला उभा होता. सगळे चढल्यावर एका खलाशीताईने फाटक ओढलं, कडी घातली आणि जायला वळली. मग थबकली, परत आली आणि फाटक हाताने एकदा हलवून पाहिलं. तेव्हा कुठे बोट सुटली. नातवाने माझ्याकडे बघून मान हलवली.

मुलांनो, २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. तिच्यातही मोटारी चढतात. कधी गेलात तर बोट सुटण्याआधी रॅम्पकडे लक्ष ठेवा. मासेमारीच्या ट्रॉलरवर मासे ठेवायच्या कप्प्याचं तोंड पाहा, त्याला उंबरठा आहे का ते बघा. आणि उद्या शाळेत निघताना आईने “डब्याचं झाकण नीट लावलंस का?” असं विचारलं, तर “हो” म्हणायच्या आधी एकदा हाताने दाबून बघा!