लोरेनचा चिटणीस

जर्मन भाषेत श्रायबर म्हणजे लिहिणारा. आपल्याकडच्या चिटणिसांचाच भाऊबंद म्हणायचा. ज्याँ-जाक सेर्वाँ-श्रेबेर या फ्रेंच गृहस्थाच्या नावाला हे शेपूट जोडलेलं होतं आणि त्यानं ते सार्थही केलं. आपण पु.ल., व.पु. म्हणतो, तसे फ्रेंच लोक त्याला नुसत्या आद्याक्षरांवर ओळखत : जेजेएसएस. संपादक, लेखक, आणि पुढे लोरेन प्रांताचा राजकारणी. त्याच्याविषयी हाती लागेल ते मी वाचत आलो, याचं कारण माझ्यापाशीच आहे. मी बावीस वर्षं तालुक्याचा वार्ताहर होतो आणि त्यानंतर पाच वर्षं नगरसेवक. कुठे हत्ती, कुठे मुंगी. पण पाय घसरायची जागा दोघांची एकच.

१९५३ साली, ऐन तिशीच्या उंबरठ्यावर, त्यानं फ्रांस्वाज जिरू यांच्या साथीनं ‘लेक्सप्रेस’ हे साप्ताहिक काढलं. सुरुवातीला ती घरच्याच ‘लेझेको’ या आर्थिक पत्राची पुरवणी होती. वसाहतींतल्या युद्धांविरुद्ध ते इतकं तिखट लिहू लागलं की सरकारनं त्याचे अंक अनेकदा जप्त केले. अल्जीरियाच्या युद्धावर त्याला स्वतःला लष्करी सेवेसाठी धाडलं गेलं. परत येऊन १९५७ साली त्यानं तिथे जे पाहिलं ते पुस्तकात मांडलं आणि सैन्याचं मनोधैर्य खचवल्याचा आरोप ओढवून घेतला. मग १९६७ साली ‘अमेरिकन आव्हान’ हे त्याचं पुस्तक आलं आणि लाखांनी खपलं. युरोपात अमेरिकन कंपन्या फोफावतात त्या नुसत्या डॉलरांच्या जोरावर नव्हे, त्यांचा बराचसा पैसा तर युरोपातच उभा केलेला असतो. आपण कमी पडतो ते शिक्षणात आणि कारभाराच्या घडीत, असं त्याचं म्हणणं. पुढचं आधी दिसणं हा पत्रकाराचा मोठा गुण. त्याच्याकडे तो ओसंडून वाहत होता.

राजकारणात मात्र त्याला दार उघडलं ते एका रस्त्यानं. पॅरिस ते स्त्रासबूर महामार्ग लोरेनमधून न्यायचा होता. तो नाँसीवरून जाणार की उत्तरेकडच्या मेसवरून? सरकारनं मेसच्या बाजूनं कौल दिला. नाँसीचे खासदार रोजे सूशाल यांनी निषेध म्हणून राजीनामा फेकला आणि पुन्हा निवडून येण्यासाठी ते उभे राहिले. तेवढ्यात पॅरिसहून हा संपादक उतरला. दोनच महिन्यांपूर्वी तो अथेन्सला जाऊन लष्करशहांच्या कैदेतल्या संगीतकार मिकिस थिओदोराकिसना विमानातून घेऊन आला होता. नाँसीकरांना वाटलं असेल, ज्याला माणूस सोडवून आणता येतो त्याला रस्ता का वळवता येणार नाही? जून १९७० मध्ये तो निवडून आला.

इथे मला आमच्या एसटी स्टँडामागचं गटार आठवतं. त्याच्यावरची फरशी फुटलेली. मी त्यावर चार बातम्या केल्या होत्या, एकदा तर फोटोसकट. प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीला पूर्णविराम दिला की माझ्यापुरतं गटार झाकलं जायचं. निवडून आल्यावर कळलं, फरशीला आधी अंदाजपत्रक लागतं, मग तांत्रिक मंजुरी, मग सभेत ठराव, मग निविदा. एकाच ठेकेदारानं निविदा भरली तर फेरनिविदा. चौदा महिने गेले. त्यातल्या सातव्या महिन्यात मी फाइलचा पिच्छा सोडून पाणीपुरवठ्यावर एक दणदणीत लेख लिहायला बसलो होतो. लिहिताना किती बरं वाटलं! आपलं काम आपण टाळतोय, हे लेख छापून आल्यावर बायकोनं सांगितलं.

जेजेएसएसला तर तीन महिनेही धीर निघाला नाही. सप्टेंबर १९७० मध्ये बोर्दोला पोटनिवडणूक होती. उमेदवार साक्षात पंतप्रधान शाबाँ-देल्मास, आणि गाव त्यांच्या मुठीतलं. नाँसीचा हा ताजा खासदार तिथे जाऊन उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत सपाटून आपटला. ज्यांचा रस्ता घेऊन तो संसदेत गेला होता त्या नाँसीकरांनी त्या रात्री काय म्हटलं असेल, याचा अंदाज मी माझ्या वॉर्डावरून करू शकतो. १९७४ साली मंत्रिपद मिळालं, खातंही नावाप्रमाणेच सुधारणांचं. नेमणूक २८ मे, गच्छंती ९ जून; पॅसिफिकमधल्या अणुचाचण्यांना त्यानं जाहीर विरोध केला होता. तिथे त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अग्रलेख म्हणून ती भूमिका लखलखीत होती. पण अग्रलेख लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कचेरीत टेबल असतं, मंत्र्याला ते नसतं.

खरी गंमत प्रांताची. सत्ता पॅरिसमधून उचलून प्रांतांकडे द्यावी, हा त्याचा ध्यास. १९७१ साली त्यावर पुस्तकही निघालं. १९७६ मध्ये तो लोरेनच्या प्रादेशिक परिषदेचा अध्यक्ष झाला, तेव्हा हाती आली ती १९७२ च्या कायद्यानं घडवलेली दात नसलेली संस्था. सभासद लोकांतून थेट निवडलेले नाहीत, आणि अंमलबजावणीच्या चाव्या पॅरिसनं नेमलेल्या प्रीफेक्टकडे. १९७७ मध्ये त्यानं ‘लेक्सप्रेस’ विकून टाकलं. १९७८ मध्ये मूठभर मतांनी जिंकलेली खासदारकी निकाल रद्द होऊन गेली, फेरलढतीत हार आली, पाठोपाठ अध्यक्षपदही संपलं. लोखंड-पोलादावर जगणाऱ्या लोरेनच्या भट्ट्या त्याच सुमारास विझू लागल्या होत्या. तो पुढचं पुस्तक लिहीत होता. त्यात संगणकाचं युग येणार होतं.

तेही आलं. १९८२ च्या कायद्यानं प्रांतांना अधिकार मिळाले, १९८६ मध्ये परिषदा थेट लोकांनी निवडल्या. म्हणजे माणूस बरोबरच होता. पण बरोबर असणं हे लेखकाच्या जमेला लागतं. मतदार विचारतो, तेव्हा होतास कुठे? २००६ साली तो गेला. दहा वर्षांनी लोरेनही ‘ग्रँ-एस्त’ नावाच्या थोरल्या प्रांतात विरून गेला. महामार्ग आजही मेसवरूनच जातो.

आमच्या गटारावर फरशी बसली त्या संध्याकाळी मी मुद्दाम स्टँडामागे जाऊन उभा राहिलो. कुणी काही म्हणेल, अशी आशा होती. भाजीवाल्या मावशींनी टोपली फरशीवरच टेकवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “भाऊ, हे झालं. आता दिव्याचं बघा.”

मी खिशातून वही काढली. सवयीनं वर तारीख घातली. मग ती खोडली आणि खांबाचा नंबर लिहून घेतला.