कँटनीज दुभाषी हवा

हाँगकाँगला शूटिंग ठरलं की परदेशी निर्मात्याचा निरोप येतो, एक चायनीज दुभाषी बघून ठेवा. मी आधी विचारतो, समोर बोलणार कोण? हाँगकाँगचा लाइटमन, टॅक्सीवाला, बाजारातली मासळीवाली, सगळ्यांचा व्यवहार कँटनीजमध्ये, आणि एजन्सीवाले खुशाल मँडरिनचा माणूस पाठवून देतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनात तर आणखी जपावं लागतं. तिथल्या जुन्या मंडळींत अनेकांची घरची बोली तोइसान भागातली. हाँगकाँगच्या पोराला ती धड कळत नाही. त्यामुळे समोर बोलणाऱ्या आजोबांचं मूळ गाव कळल्याशिवाय मी कुणाला फोन करत नाही.

कोर्टात, परिषदांत मुरलेले दुभाषी हुशारच असतात. पण सेटसाठी मी माणूस शोधतो तो सहाय्यक दिग्दर्शकांत, कंटिन्युइटी सांभाळणाऱ्यांत, साउंडवाल्यांत. हाँगकाँगमध्ये मारामारीचा सीन आला की ॲक्शन डिरेक्टर बऱ्याचदा कॅमेराही ताब्यात घेतो; कट कुठे पडणार हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. बाहेरून आलेल्या दिग्दर्शकाला हा आगाऊपणा वाटतो. ही रीत ठाऊक नसलेला दुभाषी दोघांची वाक्यं तंतोतंत पोचवतो आणि भांडणही तंतोतंत पेटवतो. 1973च्या ‘एंटर द ड्रॅगन’चा दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउस अमेरिकन, स्टंटवाली पोरं हाँगकाँगची, पण मारामाऱ्या बसवणारा ब्रूस ली दोन्ही भाषांत वावरलेला. आमच्या बजेटात ब्रूस ली बसत नाही.

नव्या माणसाची पारख मी शूटिंगच्या पूजेला करतो. आपल्याकडे मुहूर्ताला नारळ, तिथे भाजलेलं अख्खं डुक्कर, अगरबत्त्या आणि कॅमेऱ्यावर लाल कापड. गोंधळलेल्या गोऱ्या नटाला कुणी न सांगता हळूच हाताला धरून योग्य जागी उभं करतो, तो माणूस माझा. व्याकरण नंतर बघू.

माहितीपटाची गोष्ट वेगळी. दुभाषी मध्येच बोलला की मुलाखतीचा आवाज गेलाच. म्हणून मी दोघं घेतो. एकजण लेन्सशेजारी बसून प्रश्न विचारतो, कारण माणूस बघतो ते प्रश्न विचारणाऱ्याकडे. दिग्दर्शकाने स्वतः कोपऱ्यातून इंग्रजीत विचारलं तर मुलाखत देणाऱ्या आजींची नजर सतत इकडून तिकडे. दुसरा पलीकडच्या खोलीत हेडफोन लावून दिग्दर्शकाच्या कानात भाषांतर सांगत राहतो. मधल्या शांततेत पहिल्याने गप्प राहायचं असतं, आणि चांगल्या बोलक्या माणसाला तेच सर्वांत जड जातं. आजी थांबल्या की तो पुढचा प्रश्न टाकतो, खरं तर त्या आठवत असतात.

दोघांचे पैसे म्हटले की निर्माता हिशेबाची वही काढतो. एका माणसात भागणार नाही का, दुसऱ्याची खरंच गरज आहे का? परिषदांतसुद्धा असं सलग भाषांतर करणारे अर्ध्याएक तासाने आलटून पालटून बोलतात, हे मी सांगतो. मग तो जेवणाचा मेनू कमी करतो, आणि दुसरा दुभाषी ठेवतो.