लाभांश बघून कॉल विकू नका

कव्हर्ड कॉलसाठी शेअर निवडायचा म्हटलं की लोक आधी लाभांशाचा दर बघतात, आणि माझ्या मते चूक तिथेच सुरू होते. शेअर डिमॅटमध्ये आहेच, त्यावर दर महिन्याला कॉल विकून प्रीमियम घ्यायचा आणि वर लाभांशही, म्हणजे दोन्ही हातांत लाडू, असा तो हिशेब. पण कॉल घेणाराही हिशेबाला पक्का असतो. समजा, कोल इंडियाचा शेअर ४०० रुपयांवर आहे, तुम्ही ४२० चा कॉल विकलाय आणि १६ रुपये लाभांश जाहीर झाला. लाभांश बाजारभावाच्या दोन टक्के किंवा अधिक असला की एक्स्चेंज तो स्ट्राइकमधून वजा करतं. एक्स-डेटला ४२० चा कॉल ४०४ चा होतो, आणि शेअरही साधारण तेवढाच उतरतो. पुढे शेअर द्यावा लागला तर ४०४ मिळतील. लाभांश धरून बेरीज तीच, ४२०. लाभांश दोन टक्क्यांच्या आत असेल तर स्ट्राइक हलत नाही, पण अपेक्षित लाभांश धरूनच प्रीमियम ठरतो, म्हणून कॉल तेवढा स्वस्तात जातो. त्यात १ एप्रिल २०२० पासून लाभांशावर आपल्या स्लॅबप्रमाणे कर. तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाचे १६ मधले जवळपास पाच रुपये तिथेच जातात.

यावर कुणी म्हणेल, भाव पडला तरी प्रीमियम आणि लाभांशाचा टेकू असतोच की. असतो, पण किती? कोल इंडिया २०१० मध्ये २४५ रुपयांना बाजारात आला, २०१५ मध्ये ४०० च्या वर होता आणि ऑक्टोबर २०२० मध्ये १२० च्याही खाली. या काळात कंपनी लाभांश देतच होती. उलट भाव उतरेल तसा त्याचा दर अधिकच आकर्षक दिसत गेला. पुढे २०२३ मध्ये हाच शेअर साधारण २२५ वरून ३७५ च्या आसपास गेला, तेव्हा कॉल विकणाऱ्याला त्या चढाचा मोठा भाग सोडावा लागला असता. घसरण पूर्ण आपली आणि वाढ मात्र स्ट्राइकपर्यंतच, हा या व्यवहाराचा मूळ करार आहे, आणि लाभांशाने तो बदलत नाही. लाभांशाआधीच शेअर ओढून नेला जाईल, ही अमेरिकी पुस्तकांतली भीती मात्र आपल्याकडे लागू नाही. इथले शेअरवरचे ऑप्शन २०११ पासून युरोपियन पद्धतीचे आहेत, एक्स्पायरीलाच वापरता येतात.

म्हणून मी आधी एवढंच पाहतो, की कॉल विकता आला नाही तरी हा शेअर मी पाच वर्षं ठेवीन का. मग ऑप्शनला रोजची उलाढाल आहे का, आणि एक अख्खा लॉट घेतल्यावर बरीचशी गुंतवणूक एकाच कंपनीत अडकत नाही ना. लाभांशाचा नंबर शेवटचा. आणि मार्जिनसाठी शेअर गहाण ठेवले असतील तर एक्स्पायरीआधी ते सोडवून घ्या. ऑक्टोबर २०१९ पासून शेअरवरच्या सर्व ऑप्शनची सौदापूर्ती प्रत्यक्ष शेअर देऊनच होते.