वाळूवरचा तपकिरी थर

सकाळी दिवे लागण्याआधी माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतली वाळू पांढरीशुभ्र असायची. दुपारपर्यंत तिच्यावर तपकिरी, शेंबडासारखा चिकट थर चढायचा. त्यातून तार निघायची आणि तारेच्या टोकाला हवेचा बारीक बुडबुडा अडकलेला असायचा. रात्री थर पुन्हा विरळ. तीन आठवडे हेच चाललं होतं.

डायॅटम नावाचं सूक्ष्म शेवाळ असेल, आपोआप जाईल, असं दुकानात सांगितलं. मी पाणी बदललं, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं, फॉस्फेट शोषणारी पूड वाढवली. थर वाढतच गेला. मग काचेवरून शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई एकेक करून वाळूत उताण्या पडू लागल्या, तेव्हा मी घाबरलो.

भाचीचा शाळेतला सूक्ष्मदर्शक मागून आणला. काचपट्टीवर एक थेंब, चारशे पट मोठा करून. डायॅटम म्हणजे काचेच्या रेखीव डब्या. त्या सरकल्याच तर संथ, सरळ रेषेत सरकतात. सायनोबॅक्टेरिया असते तर दोऱ्यांचा गुंता दिसला असता. इथे तिसरंच काही होतं. पाण्याच्या थेंबासारखे, एका टोकाला निमुळते दाणे. प्रत्येक दाणा त्या टोकाशी दाव्याला बांधल्यासारखा जागच्या जागी गिरक्या घेत होता. ऑस्ट्रिऑप्सिस! डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांच्या गटातला, आणि विषारी.

माझ्या चाचणीत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य येत होतं आणि त्या शून्याचा मला अभिमान होता. पण अशा उपाशी पाण्यात डायॅटम आणि साधं शेवाळ मागे हटतं. ऑस्ट्रिऑप्सिस टिकतो आणि मोकळी झालेली जागा बळकावतो. मी करत होतो ती स्वच्छता त्याच्याच पथ्यावर पडत होती.

पाणी बदलणं थांबवलं. नायट्रेट लिटरला 5 ते 10 मिलिग्रॅम आणि फॉस्फेट 0.1च्या आसपास आणून तिथेच धरून ठेवलं. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, म्हणून रात्रभर यूव्ही दिवा चालवला. ॲम्फिडिनियम हा दुसरा डायनोफ्लॅजेलेट निघाला असता तर हा दिवा फुकट गेला असता, कारण तो वाळूतच दडून बसतो. त्याची जागा घ्यायला सिलिकेट घालून डायॅटमनाच बोलावावं लागतं. नाव कळल्याशिवाय औषध ओतू नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

त्या काळात एक गोष्ट मनातून जात नव्हती. माझ्या टाकीत मऊ प्रवाळच आहेत. या मऊ प्रवाळांच्या पेशींत राहून त्यांना साखर पुरवणारे सूक्ष्म जीवही डायनोफ्लॅजेलेटच. ज्याच्या जिवावर प्रवाळ जगतो आणि ज्याच्यामुळे गोगलगाय मरते, ते दोघे भाऊबंद. त्यानंतर थराकडे मी नुसती घाण म्हणून पाहू शकलो नाही.

महिन्याभरात वाळू दुपारीही पांढरी राहू लागली.

असा थर दिसला तर हातमोजे घाला आणि नळीतलं पाणी तोंडानं ओढू नका. 2005च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर याच ऑस्ट्रिऑप्सिसचा बहर आला होता. तेव्हा समुद्रावरचं वारं लागून सुमारे दोनशे माणसांना ताप, खोकला आणि श्वासाच्या त्रासानं दवाखाना गाठावा लागला.