तीन बाजूंनी पाणी

आमचा एक जुना विद्यार्थी आता दुबईत नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याने आम्हाला एक योजना कळवली. इंडोनेशियातल्या एका बेटावर जायचे, तिथल्या गावात पंधरा दिवस राहायचे, गावकऱ्यांना पर्यटन सुरू करायला मदत करायची. मुलांना इंग्रजी शिकवायचे, भिंती रंगवायच्या. या सेवेसाठी पैसे मात्र आपणच भरायचे, आणि तेही आमच्या दोन पगारांपेक्षा जास्त! ‘सर, तुम्ही शिक्षक, तुमचा फार उपयोग होईल,’ असे त्याने लिहिले होते.

आम्ही हसून सोडून दिले, पण विचार काही सुटला नाही. खिदमत करायला समुद्र ओलांडायची काय गरज? पुण्याहून पौडमार्गे दोन-अडीच तासांत आपण मुळशी धरणाच्या पलीकडच्या काठावर पोहोचतो. तिथे तीन बाजूंनी पाणी असलेल्या एका लहानशा वाडीत बचत गटाच्या बायकांनी सहा घरांत पाहुणे ठेवायला सुरुवात केल्याचे आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेकडून कळले होते. वाडी तिच्या माहेरची. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे आणि दोन्ही मुले आठ दिवसांसाठी तिकडे निघालो. वाडीचे नाव देत नाही. ज्या घरी राहिलो, त्यांनी त्यांची गोष्ट छापायला सांगितलेली नाही.

निघण्यापूर्वी फोन केला. आमचे नाव ऐकल्यावर फोनवर जी थोडी शांतता पसरते, तिची आम्हाला सवय आहे. या वेळी ती पसरली नाही. पलीकडून मावशींनी सरळ विचारले, “कोंबडी चालंल का? का तुमची तुम्ही कापता?” आम्ही म्हणालो, कापायचे आम्ही पाहू. त्यावर त्या म्हणाल्या, “मग जुन्यासारखंच झालं की. आमच्याकडं पूर्वी मुलाणीच यायचा.” आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल, महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत जत्रेचा बकरा मुलाण्याच्या हातूनच कापला जाई, आणि त्याबद्दल त्याला त्याचा वाटा मिळे. आता पौडच्या दुकानातून कोंबडी येते आणि मुलाण्याची आठवण फक्त म्हाताऱ्या माणसांना उरली आहे.

मुळशीचे पाणी पाहायला जाणाऱ्याने आधी त्या पाण्याचा इतिहास वाचावा, असे आमचे मत आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले ते मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज देण्यासाठी. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे बांधकामाच्या जागी जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट यांना लोकांनी ‘सेनापती’ म्हटले ते याच लढ्यामुळे. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. 1924 पर्यंत सत्याग्रह चालला, मोडला, आणि पन्नासांच्या आसपास गावांची भातखाचरे पाण्याखाली गेली. बऱ्याच जमिनी कर्जापायी आधीच सावकारांच्या नावावर झाल्या होत्या. त्यामुळे मोबदला आला तेव्हा मोठा हिस्सा सावकारांकडे गेला. कसणारा कूळ डोंगरावर चढला. धरणातले पाणी आजही सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे उतरते. मावशी म्हणाल्या, “माझ्या लग्नानंतर कितीतरी वर्षांनी या घरात दिवा लागला.”

मे महिन्यात पाणी खूप मागे हटते. संध्याकाळी असरनंतर आम्ही खाली उतरलो तेव्हा भेगाळलेल्या गाळात खाचरांचे जुने बांध स्पष्ट दिसत होते, एका घराचे जोतेही. आमच्या धाकट्याने विचारले, “अब्बा, इथे कोण राहत होतं?” मावशींच्या सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी बोट दाखवून एकेक घराचे आडनाव सांगितले. त्यांचाही जन्म धरणानंतरचा. ही आडनावे त्यांना त्यांच्या सासूने सांगितलेली.

आता आमच्या ‘सेवे’चे सांगतो. आमच्या आधी पुण्याहून काही तरुण मंडळी येऊन गेली होती. हेतू चांगला होता. त्यांनी घरांच्या भिंतींवर वारली चित्रे काढली. वारली लोक पालघर-डहाणूकडचे. मुळशीत त्यांचा काय संबंध, हे कोणी विचारले नाही. पाहुण्यांसाठी बांबूचा मचाणही बांधला, तो पहिल्याच पावसात बसला. वाडीत बांबूचे उत्तम काम करणारे दोन जण आहेत. त्यांना त्या चार दिवसांत एकही रोज मिळाला नाही, कारण काम फुकटात होत होते! बाहेरच्या देशांतही नेमक्या याच गोष्टीवर टीका होते. हौशी पाहुणा भिंत बांधतो तेव्हा गावचा गवंडी घरी बसतो. कंबोडियात तर परदेशी स्वयंसेवकांची आवड पाहून अनाथालये वाढली, आणि त्यांतल्या पुष्कळ मुलांचे आईवडील हयात असल्याचे पुढे उघड झाले.

म्हणून आम्ही हातात काही धरण्याआधी बायकांना विचारले, तुमच्याकडून होत नाही असे काम कोणते? उत्तर आले, “हिशेब, पाटी आणि फोनवरचं बोलणं.” बरे वाटले. ही शिक्षकाचीच कामे.

पाटी लिहायला बसलो आणि पहिली चूक केली. माणशी दर किती लिहायचा, यावर आम्ही आमचाच खिसा चाचपून म्हणालो, सहाशे ठीक आहे. बायकांनी मान डोलावली; गुरुजी सांगतात म्हणजे बरोबरच असणार. मावशींची धाकटी लेक बारावी झालेली आहे. तीन संध्याकाळ आमच्या मुलीबरोबर ती वही घेऊन बसली. चार पाहुणे, दोन वेळचे जेवण, नाश्ता, एक मुक्काम. आंबेमोहर तांदूळ, कोंबडी, तेल, गॅस, सामान आणायची जीप धरून खर्च चौदाशे पन्नास. दहा टक्के गटाच्या पेटीत, म्हणजे दोनशे चाळीस. चोवीसशेतून हातात उरले सातशे दहा. “आणि आई-काकूचं काम?” तिने विचारले. दोघींचा दिवस त्यात जातो. लावणीला गेल्या तर चारशेप्रमाणे आठशे मिळतात. म्हणजे पाहुणे ठेवण्यापेक्षा दुसऱ्याच्या शेतात चिखलात उभे राहणे फायद्याचे! आम्ही गप्प झालो. पाटी पुसली. दर साडेआठशे झाला.

आणि पाणी? ते तर वहीत धरलेच नव्हते. समोर एवढा जलाशय, पण पिण्याचे पाणी विहिरीचे, चढावर डोक्यावरून आणायचे. आम्ही आल्यापासून मावशींच्या खेपा वाढल्याचे मुलांच्या अम्मीच्या लक्षात आले. आंघोळीचे चार जण आणि पाच वेळचा वुजू. वाहत्या नदीकाठीसुद्धा वुजूला पाणी उधळू नये, हे आपण मुलांना पाठ करून देतो. घरच्या नळाखाली ते कोण पाळतो? इथे आमच्या मुलीने एका तांब्यात वुजू करून दाखवला, आणि शेवटी तांब्यात घोटभर उरलेही. पाटीवर ओळ चढली: ‘पाणी डोक्यावरून आणावे लागते. माणशी आंघोळीला एक बादली.’ शहरी पाहुण्याला ही ओळ खटकेल, अशी भीती एका बाईने बोलून दाखवली. मावशी म्हणाल्या, “खटकू दे.”

दुसरी ओळ काजव्यांची. मेच्या अखेरीस झाडे लखलखू लागतात आणि मोटारींची रांग लागते. कोणत्या ओढ्याच्या कडेला काजवे जमतात, हे वाडीच्या टोकाच्या कातकरी पाड्यावरचा तरुण अचूक सांगतो. तो पाहुण्यांना अंधारातून नेई, आणि त्याला मिळे चहा. पाड्यावरच्या एकाही घराचे नाव पाळीच्या यादीत नव्हते. कारण विचारले तर कोणी स्पष्ट बोलले नाही. “पाहुण्यांना चालंल का?” एवढेच. हा प्रश्न आमच्याबद्दलही अनेक ठिकाणी विचारला गेला आहे, भाड्याचे घर शोधताना तर हमखास. आम्ही तेवढे सांगितले, जास्त काही बोललो नाही. दोन बैठकांनंतर वाटाड्याची मजुरी पाटीवर वेगळी लिहिली गेली, बॅटरी आणि गाडीचे दिवे बंद ठेवण्याच्या सूचनेसह. पाड्यावरच्या घराचा निर्णय मात्र पुढच्या महिन्यावर ढकलला गेला.

अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत 2006 च्या सुमारास असेच पर्यटन सुरू झाले. तिथे पाहुणे पाळीने वेगवेगळ्या घरी जातात, एकाच घराची चंगळ होत नाही. राज्य सरकारचे कृषी पर्यटन धोरणही 2020 मध्ये आले. त्यातली नोंदणीची कागदपत्रे समजावून सांगणे हे आमचे शेवटचे काम होते, आणि सर्वांत कंटाळवाणे.

निघायच्या दिवशी मगरिबची नमाज अंगणातच झाली. किब्ला तलावाच्या बाजूला, ताम्हिणीच्या डोंगरांकडे. मावशींनी आधीच तिथे शेण सारवून घोंगडी अंथरून ठेवली होती. आठ दिवसांचे पैसे आम्ही नव्या दराने दिले. त्या घ्यायला तयार नव्हत्या, “तुम्ही तर कामाला आला होतात.” त्यांच्या लेकीने वही उघडून समोर धरली.

जूनच्या शेवटी तिचाच फोन आला. पाऊस धो धो लागला आहे, पाटी घरात आणून ठेवली आहे, पाड्यावरचे एक घर यादीत आले आहे. मग म्हणाली, “सर, लावणीला माणसं कमी पडतायत. येता का? रोज चारशे. फुकट नको.”