वांकडी पाठ

जो जिंकतो त्याचा शक सुरू होतो, हें आपणांस ठाऊक आहे. परंतु जिंकण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो सुरू झाला असें ठरविणारा राजा विरळा! इंग्लंडच्या सातव्या हेन्रीनें तें केलें. २२ ऑगस्ट १४८५ रोजीं बॉसवर्थच्या रणांगणावर तिसरा रिचर्ड पडला आणि ११५४ पासून चालत आलेलें प्लँटॅजेनेट घराण्याचें राज्य संपलें. हेन्रीनें मात्र आपली कारकीर्द २१ ऑगस्टपासून मोजविली. अर्थात् दुसऱ्या दिवशीं राजाच्या बाजूनें जे लढले ते सर्व राजद्रोही ठरले. अशा घराण्याच्या अमलांत पराभूत राजाचें चरित्र कोणत्या शाईनें लिहिलें गेलें असेल, हें सांगावयास नको.

आम्हीं तें चरित्र कॉलेजांत शेक्सपिअरच्या नाटकांतून वाचलें. त्यांतील रिचर्ड कुबडा, वाळलेल्या हाताचा आणि शरीरासारखाच मनानेंही वांकडा आहे. आमच्या वर्गांत पाठीस बांक असलेला एक मुलगा होता; अभ्यासांत हुशार, स्वभावानें अबोल. नाटकाचा पहिला अंक संपण्यापूर्वींच आम्हीं त्याला 'रिचर्डमहाराज' ही पदवी बहाल केली. तो हंसला. हंसला म्हणजे त्याला ती आवडली, असा सोयीचा अर्थ आम्हीं काढला आणि दोन वर्षें ती पदवी चालविली. त्याच्या ठायीं दुष्टपणाचा लवलेशही नव्हता, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें.

२०१२ सालीं लीस्टर येथें मोटारी उभ्या करण्याच्या एका आवारांत, जेथें पूर्वीं फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता तेथें, खणतांना एक सांगाडा सांपडला. रिचर्डच्या बहिणीच्या वंशजांशीं आनुवंशिक नातें जुळल्यावर तो त्याचाच ठरला. पाठीचा कणा एका बाजूस वळलेला होता. म्हणजे विरोधकांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. पण कुबड नव्हतें, हातही वाळलेला नव्हता. नीट शिवलेल्या कपड्यांत तें व्यंग फारसें दिसलेंही नसतें. कवटीवर नऊ जखमा होत्या. लढाईच्या वेळीं स्टॅन्ले बंधूंचें सैन्य बाजूस उभें राहून रंग पाहत होतें. हेन्री थोड्याच लोकांनिशीं दिसतांच रिचर्डनें त्याच्यावर घोडा घातला, त्याचा निशाणधारी लोळविला. तोंच सर विल्यम स्टॅन्लेचे लोक रिचर्डवरच तुटून पडले. वय अवघें बत्तीस! तो शौर्यानें लढत मेला, हें ट्यूडरांच्या आश्रयास असलेल्या पॉलिडोर व्हर्जिलसही नाकारतां आलें नाहीं.

तो साधुपुरुष होता, असें मी म्हणत नाहीं. १४८३ सालीं त्याच्या ताब्यांतील दोन अल्पवयीन पुतणे लंडनच्या टॉवरमधून नाहींसे झाले; तो प्रश्न रिचर्डच्या पाठीस आजही चिकटलेला आहे. पण त्याचें उत्तर त्या कण्यांत नाहीं. कणा वांकडा होता, एवढेंच हाडें सांगतात. मन कसें होतें तें सांगत नाहींत. ती भर आपण घालतों.

२०१५ सालीं लीस्टरच्या कॅथीड्रलमध्यें रिचर्डचा सन्मानानें दफनविधि झाला. तें वृत्त वाचतांना मला बॉसवर्थपेक्षां आमचा वर्गच अधिक आठवला. एका राजाची अपकीर्ति तपासून पाहण्यास पांचशें वर्षांनीं का होईना, विद्वान् पुढें आले. माझ्या सोबत्याला दिलेली पदवी परत घ्यावयास मात्र आमच्यापैकीं कोणी गेला नाहीं, मीही नाहीं. ट्यूडरांना निदान सिंहासन टिकवावयाचें होतें. आम्हांला काय टिकवावयाचें होतें?